तिसऱ्या ओळीतला पाहुणा

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मंडळाला पाहुणा बोलवायचा असेल तर अर्जात तीन नावं लिहावी लागतात. तिघांनाही एकाच दिवशी पत्रं जातात आणि तिन्ही पत्रांत मजकूर एकच असतो, ‘आपणच यावं अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे.’ ज्याचा होकार येईल तो पाहुणा. मात्र वरच्या ओळीतल्याचा होकार उशिरा आला तरी मान त्याचा. मग खालच्याला ‘अपरिहार्य कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे’ असं कळवायचं. ते पत्रही माझ्याकडे तयारच असतं, नुसती तारीख बदलायची.

ही पत्रं अकरा वर्षं मीच टाइप करते आहे. तिसरी ओळ भरतीची असते, हे मुलांनाही ठाऊक असतं. तिथे कुणाच्या तरी मामाचं नाव पडतं.

यंदा निसर्ग मंडळाची सेक्रेटरी अर्ज घेऊन आली. चुणचुणीत मुलगी, बोलताना अर्धं लक्ष मोबाइलात. पहिल्या ओळीत पक्ष्यांचे फोटो काढणारे ते प्रसिद्ध गृहस्थ, दुसऱ्या ओळीत जंगलखात्यातले एक निवृत्त साहेब. तिसरी ओळ कोरी.

“मॅडम, कुणाचंही सुचवा ना. अर्ज अडलाय.”

आणि मी दादाचं नाव सांगितलं. तो माझा भाऊ आहे, हे मात्र सांगितलं नाही. उगाच वशिला दिसायचा.

दादानं नोकरी पोस्टात केली, पण लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या शीळ घालण्यावरून. चाळीस पक्ष्यांचे आवाज काढायचा. शाळाशाळांतून त्याला बोलावणी यायची. मग एका वर्षात वरचे सगळे दात गेले, कवळी बसली आणि शीळ बंद झाली. ती दातांच्या फटीतून येत होती, हे त्यालाही तेव्हाच कळलं. दोन वर्षं तो दातांच्या डॉक्टरांकडे खेटे घालत होता. “लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात, आजोबा. तुम्ही पहिलेच, पाडून मागणारे!” असं म्हणत डॉक्टर हसायचे. पण शेवटी त्यांनी कवळीच्या पुढच्या दोन दातांमध्ये कानस फिरवून दिली. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी न्हाणीघरातून बुलबुल बोलला. वहिनी ओट्यापासून ओरडल्या, “अहो, खिडकी लावा, पक्षी शिरलाय आत!” दादा टॉवेल तोंडाला लावून कितीतरी वेळ रडला.

पण त्यानंतर ती शीळ आम्हा दोघींशिवाय कुणी ऐकली नव्हती. कॉलेजचं पत्र हातात धरून तो मला म्हणाला, “चिमे, घरचे काय, छानच म्हणणार. परक्या माणसांना ऐकू गेली तरच ती परत आली म्हणायची.”

तेव्हाच मी त्याला सांगायला हवं होतं, दादा, हे तिसऱ्या ओळीचं पत्र आहे. नाही सांगितलं. फोटोवाल्यांचा नकार आला, जंगलखात्याच्या साहेबांचं उत्तरच आलं नाही, आणि मला वाटलं, देवानंच वाट मोकळी केली. दादा तीन आठवडे तयारी करत होता. अठरा पक्षी, पाऊण तास. शेवटी चंडोल. तो उडता उडता गातो, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हेच कळत नाही, असं तो म्हणायचा.

आदल्या दिवशी सेक्रेटरी धापा टाकत आली. “मॅडम, फोटोवाले येतायत! त्यांचा परदेशचा दौरा रद्द झाला. हॉल पुरणार नाही बघा. ते तिसरे आजोबा आहेत ना, त्यांना नेहमीचं पत्र टाका.”

मी पत्र उघडलं. तारीख बदलली. नावापाशी आले आणि बोटं चालेनात.

“ते माझे भाऊ आहेत,” मी म्हणाले.

तिनं मोबाइल खाली ठेवला. मुलगी वाईट नव्हती. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? आता बॅनरसुद्धा बदलला... बरं, असं करू. सरांचं चहापाणी होईपर्यंत दहा मिनिटं मिळतील. चालेल त्यांना?”

दादाला चाललं. “दहा मिनिटांत चार पक्षी बसतात,” तो म्हणाला. “मोठ्या माणसाच्या आधी बोलावतायत, म्हणजे काहीतरी मान ठेवलाच की!” मी त्याचा सदरा इस्त्रीला घेतला.

दुसऱ्या दिवशी हॉलचं मागचं दार माझ्याकडे होतं. बसायला जागा उरली नव्हती, तरी मुलं लोंढ्यानं येत होती. खुर्च्या ओढल्या जात होत्या, कुणी कुणाला हाका मारत होतं, पडद्यावर फोटोवाल्यांचं नाव मागेपुढे होत होतं. दादा इस्त्रीचा सदरा घालून व्यासपीठाच्या कडेला उभा होता. त्याची ओळख करून द्यायला कुणी आलं नाही. सेक्रेटरीनं खालूनच खूण केली, आजोबा, करा सुरू.

त्यानं माइकला नमस्कार केला आणि बुलबुल लावला. स्वच्छ, धारदार सूर निघाला. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतली दोन मुलं कानांवर हात ठेवून किंचाळली, “ए, माइक शिट्टी मारतोय! बंद कर तो!” मागच्या टेबलावर साउंडवाला वायरींमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं वर पाहिलंही नाही. सवयीनं माइकचं बटण खाली ओढलं.

“अहो, ते माइकचं नाही, माणूस आहे तो!” मी दारातून म्हणाले. माझा आवाज मुळातच बारीक. माझ्या शेजारच्या पोरालाही कळलं नाही. टेबलाकडे जायला निघाले तर मधे वीस-पंचवीस मुलं, आणि दाराशी पुन्हा नवी झुंबड.

दादाला काहीच कळलं नव्हतं. तो डोळे मिटून उभा होता. गाल फुगत होते, हात वर वर चालला होता, म्हणजे चंडोलाशी आला होता तो. मग बाहेर गाडी थांबली, “सर आले, सर आले!” झालं आणि सगळा हॉल दाराकडे वळून टाळ्या वाजवू लागला. दादानं डोळे उघडले. समोर नुसत्या पाठी होत्या.

तो भिंतीच्या कडेकडेनं मागे आला. कपाळावर घाम, श्वास लागलेला. फोटोवाल्यांनी पहिला फोटो लावला, सोबत पक्ष्याचा मोठा आवाज सोडला. मुलांनी तोंडात बोटं घातली.

दादानं वाकून माझ्या कानाशी विचारलं, “तू इथंच होतीस ना? इथवर आलं का गं ऐकू? चंडोल?”

इतकी पत्रं मी टाइप केली. चार गोड शब्द मला यायला हवे होते.

“नाही रे दादा,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग आणखी काही मुलं आत शिरू लागली, तेव्हा त्यांना वाट द्यायला तो माझ्या शेजारी भिंतीला चिकटून उभा राहिला.