जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट

जरा खाली वाकून बघा, टेबलाच्या डाव्या अंगाला. हो, तोच काळा डबा. मीच बोलतोय. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या पोटात बसतात ते कॅबिनेट मी. माझ्या अंगावर एकही रंगीत दिवा नाही, काचेची खिडकी नाही. तोंडाला नुसती जाळी. दिसायला बेताचाच आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याइतकं पारखून निवडलेलं कॅबिनेट बेलग्रेडजवळच्या या अख्ख्या स्मेदेरेवो गावात दुसरं असेल, तर दाखवा मला.

जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. कळायला लागलं ते बेलग्रेडच्या एका दुकानात. मी सगळ्यात खालच्या फळीवर होतो आणि वर काचेच्या तोंडाची देखणी भावंडं सात रंगांत झगमगायची. गिऱ्हाईक यायचं, मान वर करून त्यांचे फोटो काढायचं. वरचा एखादा खोका काढायचा झाला की विक्रेता बेलाशक माझ्यावर पाय ठेवून चढायचा. असं दीड वर्ष गेलं.

मग एके दिवशी नेवेना आली. सतरा वर्षांची, बुटकी, काखेत एक फुगलेली वही.

"हे घ्या," विक्रेता म्हणाला, "समोर अख्खी काच. सगळी पोरं हेच नेतात."

"आणि हवा कुठून आत जाते?"

"हवा?"

"हो, हवा. आत ग्राफिक्स कार्ड तापणार, त्याला गार वारा नको का?"

"बाजूला फट आहे की."

"एवढ्याशा फटीतून माझी मांजरसुद्धा श्वास घेणार नाही!"

ती सरळ फरशीवर मांडी घालून बसली. एक हात माझ्या पाठीमागे धरला आणि जाळीला तोंड लावून जोरात फुंकर मारली. दीड वर्षाची धूळ विक्रेत्याच्या पँटवर उडाली.

"आरपार लागतेय," ती म्हणाली. "हेच द्या."

"याला दिवे नाहीत हं, आधीच सांगतो."

"दिवे घरी आहेत आमच्या."

त्या क्षणी माझी छाती अशी फुगली म्हणता, की जाळी निखळते की काय असं वाटलं.

घरी मात्र स्वागत निराळंच झालं. नेवेनाची आई, ल्युबिंका, पोलाद कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करते. तिने माझं झाकण उघडलं, आत डोकावली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, सगळा उन्हाळा पीचच्या बागेत राबलीस आणि हा रिकामा डबा आणलास?"

"आई, बाकीचे भाग एकेक करून येतील."

"लोक आधी धान्य आणतात, मग डबा!"

आईचं खरं होतं. कॅबिनेट सगळ्यात शेवटी घेतात. पण नेवेनाचं म्हणणं असं, की घर आधी ठरलं म्हणजे आत कोण मावेल ते कळतं. आठ महिने मी रिकामा राहिलो. त्या काळात ल्युबिंकाबाईंनी माझ्यात कांदे ठेवले होते, हे मी कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी नेवेना वही घेऊन माझ्याशेजारी बसायची. प्रोसेसरचं नाव तिने चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. पहिला हवा होता तो सगळ्यात बलाढ्य. मग तिने आपण कॉम्प्युटरवर खेळणार तो खेळ नीट तपासला, त्याला किती ताकद लागते ते बघितलं आणि मधला घेतला. वाचलेले सगळे पैसे पॉवर सप्लायवर घातले, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. यावरून तिचा मामा तिहोमिर फार हसला. या तिहोमामाची प्रत्येक धंद्यात एक ओळख होती आणि त्याची मान बारा महिने आखडलेली असायची.

"भाचीबाई, वीज देणारा डबा तो डबा. तो दिसतो का कुणाला?"

"मामा, तुमचं काळीज दिसतं का कुणाला? मग स्वस्तातलं बसवायचं?"

"जिभेला हाड नाही हिच्या! अगं, माझ्या ओळखीचा माणूस तयार मशीन देतो. आज सांगितलं, उद्या घरात. हे भंगार जोडून काय होणार?"

"मला माझं स्वतःचं हवंय, मामा."

ग्राफिक्स कार्ड नवं परवडण्यातलं नव्हतं. त्यासाठी ती बसने शेजारच्या पोझारेवात्स गावी गेली. तिथली गोष्ट नेवेनाने घरी सांगितली, ती मी ऐकली. पहिल्या घरी तिने कार्ड हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि विचारलं, "काका, तुम्ही याच खोलीत सिगारेट ओढता?" तो म्हणाला, "मग काय स्वयंपाकघरात ओढू? बायको झाडूने मारेल!" ते कार्ड तिने तिथेच ठेवलं. दुसऱ्या घरी इतिहासाचे एक मास्तर होते. त्यांच्याकडे कार्ड तासभर चालवून घेतलं, पंख्याचा आवाज ऐकला, ताप मोजला आणि मगच पिशवीत घातलं. मास्तर म्हणाले, "मुली, माझं लग्न ठरवताना सासऱ्यांनी एवढी चौकशी केली नव्हती."

जोडणी झाली जेवणाच्या टेबलावर. कुठल्याही भागाला हात लावण्याआधी नेवेना खोली गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरला हात लावायची, अंगातली वीज उतरवायला.

"रेडिएटरच्या पाया पडतेस काय गं?" आई विचारायची.

सगळे स्क्रू बसले. नेवेनाने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे बाबा, रादिशा, कारखान्यात क्रेन चालवतात आणि बोलतात फार कमी. ते माझ्यामागे वाकले. "हे बारकं बटण खाली आहे, ते वर हवं का?"

हवं होतं. माझे पंखे फिरले. इतके महिने रिकाम्या पोटी काढल्यावर मला पहिल्यांदा श्वास आला. नेवेना नाचली, बाबांनी तिला उचललं, आणि मी कुणाचा आहे हे त्या दिवशी पक्कं झालं.

आई मात्र नाचली नाही. तिने माझ्या तोंडापाशी हात धरला, वारा आत ओढला जात होता. पाठीशी धरला, तर बाहेर येत होता.

"नेवे! ही तर प्रोमाया!"

प्रोमाया म्हणजे दोन उघड्या बाजूंमधून आरपार जाणारा वारा. आमच्याकडे माणसं रोगाला भीत नाहीत एवढी प्रोमायेला भितात. कान दुखला, प्रोमाया. दाढ सुजली, प्रोमाया. ल्युबिंकाबाईंच्या घरात दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या आहेत असं वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. तिहोमामाची मानसुद्धा एका बसमधल्या उघड्या खिडकीने गेली होती, असं सगळं घर मानायचं.

"आई, याला प्रोमाया लागतेच. तिच्यावरच जगतो हा."

"प्रोमायेवर कुणी जगत नाही," आई म्हणाली.

डिसेंबरात स्पर्धा आली. नेवेनाचा पाच मुलींचा संघ होता, पाच गावांतल्या पाच जणी आपापल्या घरून खेळणार होत्या. हा सामना जिंकला तर बेलग्रेडला, खऱ्या रंगमंचावर अंतिम फेरी. नेवेना कप्तान. बाकी चौघींकडे दुकानातली तयार यंत्रं होती. एकीने स्पष्टच विचारलं होतं, "तुझं ते घरी जोडलेलं ऐनवेळी दगा देणार नाही ना?" नेवेनाने छातीठोक सांगितलं होतं, नाही देणार. आता हरलो तर खापर तिच्या निवडीवर फुटणार होतं.

तीन डावांचा सामना नेमका एकोणीस तारखेला दुपारी तीनला. त्या दिवशी घराची स्लावा, कुलसंत निकोलाचा सण. त्या दिवशी पाहुण्यांना बोलवत नाहीत, पाहुणे आपणहून येतात. आईने अट घातली, तीनपर्यंत तू वाढायचंस. नेवेनाने उकडलेल्या गव्हाचं गोड वाटलं, तळलेला मासा वाढला, ओव्हनमधल्या राजम्याची मडकी उचलली आणि तीनला पाच मिनिटं कमी असताना कानांवर हेडफोन चढवून माझ्यासमोर बसली. याच खोलीत बावीस माणसं. मध्ये टेबलावर सणाची उंच मेणबत्ती. रेडिएटर असे तापलेले, की नळ फिरवूनही बंद होत नव्हते. यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं, म्हणून बाबा सकाळपासून बाटली हातात धरून उभे होते.

आणि तिहोमामाची खुर्ची नेमकी माझ्या पाठीमागे.

"ल्युबिंका," तो कळवळला, "माझ्या मानेवर काहीतरी फुंकतंय गं."

ल्युबिंकाबाई आल्या. नेवेनाला काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीशी घडी केलेलं ब्लँकेट कोंबलं. मग विचार केला, वारा आत कुठून येतो? तोंडाशी सोफ्यावरची उशी दाबून बसवली. डोक्यावर विणलेला पांढरा टेबलक्लॉथ घातला, सणाच्या दिवशी बरं दिसावं म्हणून. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

मी ओरडलो हो. पंखे होईल तेवढ्या वेगाने फिरवले. पाहुण्यांना वाटलं, विमान चाललंय. आतलं कार्ड म्हणत होतं, "दादा, भाजतोय मी." स्क्रीनवरचं चित्र अडकायला लागलं. नेवेनाचा नेम चुकायला लागला, मग साऱ्या संघाचाच. पहिला डाव गेला. आणि डाव संपतासंपता मी बंद पडलो.

मग मामा बोललाच. "म्हणून सांगत होतो, तयार घे."

नेवेनाने हेडफोन काढले. डोळे भरले होते. "कार्डच वाईट निघालं असणार. मीच चुकीचं निवडलं." फोनवर मैत्रिणी ओरडत होत्या. दुसऱ्या डावाला सात मिनिटं उरली होती.

ती तारा तपासायला खाली वाकली आणि तिला उशी दिसली. मग ब्लँकेट. मग टेबलक्लॉथ.

"आई! हे कुणी केलं?"

"अगं, मामाच्या मानेला वारा..."

"त्याला कोंडून मारलंस तू! मी आठ महिने एकेक भाग शोधला, तो याला वारा मिळावा म्हणून! तुला कधी काही कळलंच नाही!"

बावीस माणसांसमोर मुलगी आईला असं बोलली. ल्युबिंकाबाईंचा चेहरा उतरला. त्या गुडघ्यावर बसल्या, उशी काढली, आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा माझ्या पत्र्याला तळवा लावला. चटका बसला तरी हात काढला नाही.

"फार तापलाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "किती वेळ आहे?"

"सहा मिनिटं. पण खोलीच भट्टी झालीय, हा निवणार कसा?"

ल्युबिंकाबाई उठल्या. त्यांनी जाऊन जिन्याकडचं दार सताड उघडलं. मग परत आल्या आणि डॅन्यूब नदीकडची खिडकी दोन्ही हातांनी उघडली. बाहेर कोशावा सुटला होता, हाडं गोठवणारा आमचा पूर्वेचा वारा. तो आत आला तो थेट जिन्यापर्यंत गेला. पडदे उडाले, कागदी रुमाल उडाले, बायका किंचाळल्या.

"ल्युबिंका, वेड लागलं का? प्रोमाया!"

"हो, प्रोमाया! ज्याला सोसवत नाही त्याने कोट घाला!"

"अगं, मेणबत्ती विझेल!"

सणाची मेणबत्ती वाऱ्याने विझणं फार अशुभ. ज्योत आडवी झाली होती. तेवढ्यात रादिशाबाबा बाटलीसकट खिडकी आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभे राहिले, क्रेनच्या खांबासारखे. आणि तिहोमामा पुटपुटत, शिव्या घालत उठला. माझ्या डोक्यावरचा टेबलक्लॉथ ओढून त्याने मानेला गुंडाळला आणि दोन्ही ओंजळी ज्योतीभोवती धरल्या.

"जिंक आता, भाचीबाई," तो म्हणाला. "नाहीतर ही मान फुकट गेली."

मी निवलो. नेवेनाने बटण दाबलं, मी पहिल्या दमात उठलो. पुढचा तासभर बावीस माणसं कोट घालून, गार मासा खात बसली आणि कुणी घरी गेलं नाही. दुसरा डाव आम्ही घेतला. तिसरा अगदी काठावर घेतला. चित्र एकदाही अडकलं नाही.

"जिंकली का?" मामाने विचारलं.

"मला काय कळतंय," ल्युबिंकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. शेजारणीने विचारलं, यंत्र कुठल्या दुकानातलं? तशा त्या ताठ झाल्या. "दुकानातलं नाही. माझ्या मुलीने एकेक भाग पारखून बांधलंय. चूक झाली ती माझी, तिची नाही."

नेवेनाने आईच्या कमरेला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

याला आता पाच वर्षं झाली. नेवेना नोवी साद शहरात इंजिनियरिंग शिकते. तिथे तिने नवं यंत्र बांधलंय, बरंच ताकदवान. माझ्यातलं कार्ड म्हातारं झालंय, एक पंखा खरखरतो. दर शनिवारी ल्युबिंकाबाई मऊ ब्रशने माझी जाळी झाडतात, मागे कुणाला खुर्ची टाकू देत नाहीत. मागच्या आठवड्यात नेवेना म्हणाली, "आई, टाकून दे आता तो डबा. छोटासा नवा घेऊन देते."

"घरातून एक गेली तेवढी पुरे," आई म्हणाली.

मित्रांनो, आता तुमची रजा घेतो. पाच वाजायला आलेत. रोज पाचला पडद्यावर नेवेनाचा चेहरा येतो, आणि ल्युबिंकाबाई आधीच खुर्ची ओढून, केस नीट करून बसलेल्या असतात. एक विनंती, जरा माझ्या तोंडासमोरून सरका. वारा येऊ द्या. तिचा चेहरा मध्येच अडकलेला तिच्या आईने आजवर पाहिलेला नाही, आणि माझ्यात दम आहे तोवर पाहणारही नाही.