हिला सांगा

शिंपी आणि त्याची बायको यांचा अबोला साऱ्या गल्लीला पाठ होता. एकदा बिनसलं की आठवडेच्या आठवडे बोलणं बंद, पण संसार काही अडायचा नाही. लेक घरात होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती सासरी गेली आणि ते काम भिंतीकडे आलं. ‘यांना सांगा, जेवायला वाढलंय,’ असं बायको भिंतीला म्हणायची. ‘हिला सांगा, मीठ कमी आहे,’ असं शिंपी त्याच भिंतीला ऐकवायचा. जो आधी सरळ बोलेल तो हरला, आणि हरायची हौस दोघांनाही नव्हती.

या खेपेला शिंप्यानं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि बायको गिऱ्हाइकादेखत पोट धरून हसली. झालं, स्वारी फुगून बसली. त्यातच न्यूमोनियानं गाठलं. धाप लागली तरी पठ्ठ्या भिंतीलाच म्हणाला, ‘हिला सांगा, श्वास पुरत नाही.’

तेव्हापासून तो अतिदक्षता विभागात होता. तोंडातून नळी, उशाला व्हेंटिलेटर आणि वर झोपेचं औषध. छाती लवकर सुधारेना, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी तिथून घातली. औषध आता कमी केलंय, त्यांच्याशी बोलत राहा, असं ते तिला म्हणाले. त्यांना ऐकू येईल, पण आवाज इतक्यात फुटणार नाही, कारण श्वास गळ्यातल्या नळीतूनच बाहेर जातो.

तिला नेमका तो आवाजच हवा होता. नुसता खेकसला असता तरी तिचा जीव भांड्यात पडला असता. घरी ती स्वयंपाक अर्धा टाकून खुळ्यासारखी भिंतीकडे बघत बसायची.

भेटायच्या वेळेला हात धुऊन, गाऊन चढवून ती खाटेपाशी गेली. शिंपी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. नर्स नळीतला कफ ओढून काढत होती. बोलायचं पुष्कळ होतं, पण सवय जाते कुठे?

“सिस्टर, यांना सांगा, मी आलेय.”

नर्सनं मानही वर केली नाही. “मी काय टपाल आहे का काकू? समोर तर आहेत. तुम्हीच सांगा.”

तिनं खाटेचा कठडा घट्ट धरला.

“अहो,” ती म्हणाली, “मी हरले. चारचौघांत हसायला नको होतं. तुमच्यावाचून घर खायला उठतं हो.”

शिंप्यानं तिच्याकडे पाहिलं, मग नर्सकडे. त्याचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. दिवसभर असे ओठ वाचायची नर्सला सवय होती. ती खाली वाकली.

“‘हिला सांगा’ म्हणतायत.”

बायकोला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू कोसळलं. “काय सांगा?”

ओठ पुन्हा हलले. नर्सनं दोनदा विचारलं, तरी पुढचं काही कळेना. तेवढ्यानंच तो दमला आणि त्याचे डोळे मिटले. झोप लागली त्यांना, उद्या विचारू, नर्स म्हणाली. भेटायची वेळही संपत आली होती.

बायको तरी हलेना. ती त्याच्या कानाशी वाकली.

“आता कुणाकरवी नको,” ती म्हणाली. “मी इथंच आहे. मलाच सांगा.”