रडण्याचा सीन

अंगणात शूटिंग चालले होते. पाच वर्षांच्या आम्रपालीच्या गालावर आजोबांची, बाबारावांची, बोटे उमटली होती आणि मोटारसायकलच्या सीटवर टेकवलेला मोबाईल तिचे डबडबलेले डोळे टिपत होता. हैदराबादच्या एका मालिकेसाठी रडण्याचा सीन पाठवायचा होता.

तिचा बाप हर्षदीप कापसाच्या जिनिंगमधून येऊन फाटकातच थिजला. लहानपणी तोही तेलुगू पडद्यावरचा लाडका अनाथ होता. प्रत्येक रडण्याआधी त्याचे वडील बाबाराव त्याला सेटमागे नेऊन पट्ट्याने फोडून काढत. मिसरूड फुटले आणि काम संपले. पाठीवरचे वळ तेवढे राहिले.

"आखीन एक द्या लागते," बाबाराव म्हणाले. "पानी गालावर आलं नाई."

हात पुन्हा उठला. हर्षदीपने तो वरच्या वर धरून मागे पिरगळला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसे मनगट मोडले, आणि त्या आवाजाने त्याला बरे वाटले. आम्रपालीने किंकाळी फोडली. तिचे गाल भिजले.

बाबाराव भिंतीशी कोसळले, पण नजर नातीवरच होती. "पाह्य, आता कशी रडली," ते कण्हत म्हणाले. "कोनं रडवलं बे तिले?"

हर्षदीपने लेकीला उचलले. ती त्याच्या हातांत ताठरली. तिला तशीच घेऊन तो फाटकाबाहेर पडला आणि शेजारच्या जैनथ गावाच्या रस्त्याला लागला.