धाकटीची रिंग

मी गाडी चालवायला शिकवते. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन आपण ब्रेकवर पाय ठेवून बसायचं. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, म्हणून मी अजून धडधाकट आहे. सांगायचा मुद्दा असा, की संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्यात सहनशक्ती नावालाही उरलेली नसते, आणि नेमकी तेव्हाच आमची आई फोनवर कुणा परक्या माणसाला आमच्या घरात किती खोल्या आहेत ते सांगत असते.

आईला कुणाला नाही म्हणता येत नाही. गाद्या विकणारा, पाणी शुद्ध करून देणारा, विमावाला, सगळ्यांशी ती आस्थेनं बोलते. वर मला म्हणते, "बिचारा किती वेळ बोलत होता, घसा बसला असेल." एकदा तर बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या चोराला ती खात्याचा नंबर वाचून दाखवायच्या तयारीत होती. चष्मा सापडेना म्हणून अडलं होतं, आणि चोर बापडा धीरानं थांबला होता. तेवढ्यात मी घरात शिरले. मी रिसीव्हर हिसकावून त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यावर आई माझ्यावरच रुसली. चोर झाला म्हणून काय झालं, असं बोलतात का कुणाला?

मोबाइल तिला नको. हातात धरल्यासारखं वाटत नाही, म्हणते. तेव्हा घरच्या फोनचाच बंदोबस्त करायचा असं मी ठरवलं आणि एक डबा विकत आणला. जेवणाच्या डब्याएवढा, काळा, पुढे एक लाल दिवा. फोनच्या दुकानदारानं मला समजावून सांगितलं, "दारावर पहारेकरी बसवल्यासारखं समजा. ओळखीचे नंबर यात भरायचे. ते आले की घंटी वाजणार. बाकी कुणाचाही आला की घंटी वाजणारच नाही. हा डबाच उचलणार, नाव-काम विचारणार, आणि समोरचा बोलेल ते टिपून ठेवणार. तुम्ही सवडीनं ऐका."

पहारेकऱ्याचा आवाज पुरुषी, खर्जातला, मोठा सभ्य होता. "नमस्कार. कृपया आपलं नाव आणि काम सांगा." बस्स, एवढंच बोलायचा.

मी आईला समोर बसवलं आणि विचारलं, तुला कोणाकोणाचे फोन येतात? तिनं परदेशातला दादा सांगितला, डॉक्टर सांगितले, वरच्या मजल्यावरची बाई सांगितली, शिंपी सांगितला.

"आणखी कोण?"

"झालं. एवढेच."

"नीट आठव, आई. मागाहून कटकट नको."

"अगं, एवढेच! आता काय कागदावर सही करून देऊ?"

मी नंबर भरले. पुढचे काही दिवस काय शांतता होती म्हणून सांगू! सुरुवातीला मी संध्याकाळी टिपलेलं ऐकायची. गादी, विमा, गादी, कर्ज. मग कंटाळले आणि सोडून दिलं. लाल दिवा लुकलुकत राहिला. लुकलुकू दे, आत गादीवालाच असणार. उगाच फुकटची डोकेदुखी कोण घेतो?

इकडे आईचं मात्र काहीतरी बिनसलं. दूध उतू जायला लागलं. बोलता बोलता ती फोनपाशी जाऊन उभी राहायची, रिसीव्हर उचलून कानाला लावायची आणि परत ठेवायची. काय झालं विचारलं तर "काही नाही." आमच्या घरातलं 'काही नाही' फार वजनदार असतं, चार माणसांनी उचलावं लागतं. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी आवाज चढवला तेव्हा ती म्हणाली, "धाकटी रुसलीय माझ्यावर."

धाकटी म्हणजे माझी मावशी. दोन तासांच्या अंतरावर एकटी राहते. काकांच्या मागं तिनं शाळेतली शिवणाची नोकरी पुरी केली, कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचं ऐकलंही नाही.

"रुसली कशावरून?"

"रिंग देत नाही."

मग मला आठवलं. फोन महाग होते तेव्हापासूनची या दोघींची पद्धत. सकाळी अंघोळ आटोपली की मावशी आमच्याकडे फोन लावणार, एक घंटी वाजली की ठेवून देणार. म्हणजे मी उठले, बरी आहे. मग आई तिच्याकडे एक घंटी वाजवून ठेवून देणार. म्हणजे मीही बरी आहे. उचलायचं कुणीच नाही. पुढे फोन स्वस्त झाले, जवळजवळ फुकट झाले, पण या दोघींनी रिंग काही सोडली नाही. माझा पहिला शिकाऊ उजाडताच गाडीत बसलेला असतो. इतकी वर्षं ती घंटी वाजायची तेव्हा मी घरात नसायचेच.

"अगं मग मला सांगितलं का नाहीस? मी तुला घसा फोडून विचारलं होतं ना, कोण कोण फोन करतं!"

"ती फोन कुठे करते? ती रिंग देते."

मी कपाळावर हात मारून घेतला. "बरं, मग तू का नाही दिलीस?"

"धाकटीनं आधी द्यायची. मग मी."

"हा काय कायदा आहे?"

"आहे," आई म्हणाली. "आणि मला ठाऊक आहे ती का रुसली. मागच्या खेपेला मी तिच्या पडद्यांना मळखाऊ म्हणाले. शिवाय हल्ली ती दोन-दोन, तीन-तीन वेळा रिंग द्यायची, मला चिडवायला. तेही मी तिला चांगलं सुनावून आले."

रुसली नाही, हा डबा तिला आडवा येतोय, हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. अखेर मी आईला डब्यापुढे बसवलं आणि बटण दाबलं. गादी. कर्ज. गादी. आणि मग मावशी.

"अगंबाई!" एवढंच, आणि फोन बंद.

पुढच्या वेळी ती तयारीनं आली होती. "कोण बोलतंय? हे ताईचंच घर ना? नाव काय सांगायचं, मी धाकटी. आणि काम काही नाही हो, रिंग द्यायची होती."

आई खुदकन हसली. "बावळट आहे. यंत्राशी बोलतेय." मलाही हसू आलं.

"आजही तुम्हीच का? ताईनं माणूस ठेवला हे फार चांगलं केलं. लेक आहे, पण ती दिवसभर बाहेर, आणि घरी आली की तणतणत असते." हे ऐकून आई आणखीच हसली. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यानंतरचा फोन त्याच सकाळचा होता. "नमस्कार. मघाशी मी फोन केला होता का हो? तुमच्याकडे नोंद असेल." मग पुन्हा, तीच सकाळ, "नमस्कार. आज मी ताईला रिंग दिली का, जरा बघून सांगता?" आवाज तोच, विचारणं तेच, अगदी पहिल्यांदाच विचारतेय असं.

आईचं हसू विरलं. मला चिडवायला दोन-तीनदा रिंग देते, असं तीच म्हणाली होती ना!

शेवटचा निरोप लांबलचक होता. मागे नळ वाहत होता.

"तुम्ही मध्ये मध्ये बोलत नाही, बरं वाटतं. हल्ली लोक फार घाई करतात. काल गंमत झाली. भाजी घेऊन आले, जिना चढले, तर किल्लीच लागेना. खटपट करतेय तर आतून एक बाई आली. खालच्या मजल्यावरचं घर हो ते! इतकी वर्षं मी याच इमारतीत राहतेय. मी हसले, म्हटलं तुमची फिरकी घेतली. वर येऊन मात्र रडले. दूध जळलं तर वास येतो, पण वास आल्यावर काय करायचं ते पटकन सुचत नाही. ताईला सांगू नका हं. ती लगेच मला उचलून तिकडे नेईल. मग रोज सकाळी मी रिंग कुणाला देऊ?"

आईनं बटण दाबून ते बंद केलं. थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि म्हणाली, "गाडी काढ."

वाटेत मी आईला बोलले, मावशीला बोलले, त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांना बोलले. दोन बहिणी, इतक्या वर्षांत एकमेकींना काय कळवलं, तर बरी आहे! बरी नसेल तर काय करायचं, याची रिंगच नाही! पुढे एक ट्रक सावकाश चालला होता, त्यालाही बोलले. आई खिडकीबाहेर बघत होती. "जरा हळू चालव," एवढंच म्हणाली.

मावशीनं दार उघडलं. केस नीट विंचरलेले, घर लखलखीत. आईला बघून तिचा चेहरा फुलला आणि दुसऱ्याच क्षणी पडला.

"त्यानं सांगितलं ना तुला?"

"कुणी?" आई म्हणाली.

"तुझ्या त्या माणसानं. सांगू नका म्हटलं होतं मी. इतका भला आवाज, मी विश्वासानं बोलले त्याच्याशी." ती दारातच आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. चोरी पकडली गेल्याचं नव्हे, कुणीतरी दगा दिल्याचं दुःख होतं ते.

अगं बाई, तो माणूस नाही, डबा आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"तो?" आई म्हणाली. "तो कशाला काय सांगतोय! चकार शब्द बोलला नाही. तुझ्या पडद्यांना नावं ठेवली त्याचं वाईट वाटलं, म्हणून आले."

मावशीचा जीव भांड्यात पडला. "पडद्यांचं काय मेलं एवढं! मळखाऊच आहेत ते. या, बसा."

आमच्याकडे येऊन राहायचं मात्र तिनं साफ झिडकारलं. मी गोड बोलून बघितलं, मग ओरडून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. अखेर शेजारणीकडे एक किल्ली दिली, तिला आमचा नंबर दिला. काहीतरी निमित्त काढून मावशीला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सुरुवात आहे, लक्ष ठेवा. आणि घरी आल्या आल्या मी पहिलं काम केलं ते मावशीचा आणि तिच्या शेजारणीचा नंबर डब्यात भरायचं. आता तिचा फोन आला की घंटी वाजेल, आई उचलेल, दोघी मोकळेपणी बोलतील. सगळं कसं सुरळीत होईल.

डोंबल सुरळीत! घंटी वाजायची, आई झडप घालून उचलायची, आणि मावशी म्हणायची, "सगळं ठीक आहे गं ताई." की ठेवला फोन. रोज तेच. खरं काय ते शेजारणीच्या फोनवरून कळायचं. गॅस चालू ठेवून बाहेर गेली. परवा पायात दोन वेगळ्या चपला होत्या. आईनं गॅसचं विचारलं तर मावशी म्हणे, "कसला गॅस? सगळं ठीक आहे." मी फोन हिसकावून घेऊन विचारलं, तर मला म्हणाली, "तू आधी जेवणखाण वेळेवर करत जा."

"खरं बोलायला हिचं काय जातं?" मी डाफरले. "त्या डबड्याशी तास तास बोलेल, आणि सख्ख्या बहिणीशी नाही?"

"मोठ्या बहिणीशी नाही बोलता येत असं," आई म्हणाली. मग डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काढ तिचा नंबर त्यातून."

"काय?"

"काढ म्हणते ना. त्याला उचलू दे."

"आई, अगं लोक फोन घेतात ते बहिणीशी बोलायला. आपण बहिणीला अडवायला यंत्र लावायचं?" मी पुष्कळ आदळआपट केली. एवढ्या मेहनतीनं भरलेला नंबर मग माझ्याच हातानं काढला.

आता मी सकाळचा पहिला शिकाऊ उशिरा घेते. डब्याला चालू बोलणं ऐकायचंही एक बटण आहे, ते दाबून आम्ही दोघी पुढे खुर्च्या टाकून बसतो. मावशी पहारेकऱ्याला सगळं सांगते. काय हरवलं, काय विसरलं, कुणाचं नाव आठवेना. आम्ही ऐकतो, आणि मग मी शेजारणीला फोन करून गॅस बघायला सांगते, औषध बघायला सांगते. दुपारी आई बहिणीला फोन करते. दोघी हवापाण्याचं बोलतात आणि एकमेकींना सगळं ठीक असल्याचं सांगतात. हा सगळा द्राविडी प्राणायाम बघून मला रोज संताप येतो, आणि रोज मी पुन्हा खुर्ची ओढून बसते.

आज मावशीनं बोलण्याआधी नळ बंद केला. मग म्हणाली, "एक विचारू का? ताई मला फोनवर नेहमी बरी आहे म्हणते. तिला लहानपणापासून खोटं बोलायची सवय आहे. तुम्ही त्याच घरात असता, तुम्हाला दिसत असेल. खरंच बरी आहे का हो ती?"

आणि ती थांबली. कुणी उत्तर देईल म्हणून माणूस थांबतो, तशी.

मला राहवेना. "उचल ना आई! तुझंच विचारतेय ती. उचल आणि सांग!"

आईचा हात रिसीव्हरपर्यंत गेला. तिथंच राहिला. "मी उचलला तर उद्यापासून ती यालाही सगळं ठीक आहे म्हणेल," ती कुजबुजली. मावशीला आमचं काही ऐकू जात नव्हतं, तरी कुजबुजली.

"बरं, असू दे," मावशी म्हणाली. "तुम्हालाही कामं असतील." फोन बंद झाला.

"बरी आहे गं मी," आई त्या डब्याला म्हणाली.