खुर्चीत कोण बसायचं?

तीस वर्षं साबण-बिस्किटांच्या जाहिराती लिहून धाकटा भाऊ निवृत्त झाला, आणि आठवड्याभरात थोरल्या बहिणीने त्याला आपल्या संस्थेच्या कामाला जुंपलं. ताईची संस्था म्हणजे एक खोली, एक टेम्पो आणि त्याचा ड्रायव्हर. आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या फुकट वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत आणायच्या. नेताना सगळे दुवा देत. परतीच्या नावाने मात्र शंख!

"चाळीस खुर्च्या बाहेर अडकल्यात आणि सतरा जण वाट बघताहेत," ताई म्हणाली. "लोकांच्या मनात राहील असं काहीतरी लिहून दे."

"हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" म्हणत त्याने चहा संपायच्या आत लिहूनही टाकलं : 'चाकं थांबली? आम्हाला कळवा!'

पत्रं गेली. खुर्ची एकही आली नाही. आला तो एका बाईंचा फोन. "माझे वडील गेलेत, आणि तुम्हाला कोट्या सुचतात?"

ताईने फोन ठेवून बाईंचे शब्द भावाला जसेच्या तसे ऐकवले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लगेच बाईंना फोन करून माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. लोक खुर्च्या का देत नाहीत, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिलं घर एका म्हाताऱ्या शिंप्यांचं. बायको जाऊन आठ महिने झालेले. खुर्ची अजून शिलाई मशीनला खेटून उभी.

"नेऊ नका असं नाही," शिंपी म्हणाले. "पण ती इथे बसून माझी शिवण तपासायची. आता खुर्चीही गेली, तर घर खायला उठेल हो."

भावाच्या जिभेवर समजुतीची दहा वाक्यं आली. ती गिळून त्याने विचारलं, "कशा होत्या त्या?"

शिंपी तासभर बोलले. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ पाहिलं, मग तोही मांडी घालून ऐकत बसला. शेवटी शिंप्यांनी फडक्याने खुर्ची पुसली आणि स्वतःच दारापर्यंत ढकलत आणली.

"डावं चाक भिंतीकडे ओढतं, पुढच्यांना सांगा. नाहीतर बोलणी खावी लागतील. मी पोटभर खाल्लीत!" ते हसले आणि त्याच फडक्याने त्यांनी डोळे टिपले.

संध्याकाळी त्याने ताईपुढे कागद ठेवला : 'खुर्ची परत द्याल तेव्हा तिच्यात कोण बसायचं, तेही सांगा. आम्हाला ऐकायचं आहे.'

"यात चटकदार काहीच नाही रे," ताई म्हणाली. तिने पुन्हा एकदा वाचलं. "हेच पाठवू."

महिन्याभरात नऊ खुर्च्या आल्या. आणणारी माणसं बोलत बसायची. एका मुलीला मात्र दारापर्यंत येऊनही खुर्चीची मूठ सोडवेना. "आई गेली, पण..." एवढंच ती म्हणाली.

"घेऊन जा बाळ. राहू दे अजून थोडे दिवस," ताई म्हणाली.

"ताई, अजून आठ जण थांबलेत!" भाऊ कुजबुजला.

"थांबतील. तू तिला पाणी दे आधी."

मुलगी पाणी प्यायली, खुर्ची घेऊन गेली. बारा दिवसांनी तिचाच फोन आला, "टेम्पो पाठवता का? आणि... थोडा वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे, आहे," म्हणत भाऊ चपला घालायला उठला.