माझ्यावरचे दोन पट्टे

मी भिंत बोलतेय. हसू नका! भिंतीला कान असतात असं तुम्हीच म्हणता, मग तोंड असलं तर कुठे बिघडलं? नाशकात भद्रकालीजवळच्या एका बोळात, नूरबानोच्या खोलीत मी उभी आहे. दगडमातीची, आणि तेव्हा चुलीच्या धुराने पार काळवंडलेली.

नूरबानो शिवणकाम करायची. तिचा नवरा निसार सन तेहेतीसच्या हिवाळ्यात गेला, आणि वर्षभरात तिला सुईत दोरा ओवेना. मालेगावहून थोरला दीर खलील आला. माणूस मायाळू, पण महाहट्टी!

"डोळे गेले तुझे. शिवण बास झालं. आमच्याकडे चल, एक माणूस काय जड आहे आम्हाला?"

"भाईजान, डोळे शाबूत आहेत. खोली अंधारी आहे. भिंतीला रंग देऊन बघते. तरी ओवता आलं नाही, तर गाठोडं बांधून निघते तुमच्याबरोबर."

ती गेल्यावर मला कोण विचारणार होतं?

तिने चुना कालवला. अर्ध्यात नीळ घातली, अर्ध्यात पिवळी माती. माझ्यावर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले आणि वाळू दिले. खरं सांगू? मला निळाच हवा होता. निसारही म्हणायचा, खोली निळी करू. म्हणून तिने आधी निळ्यासमोर सुई धरली. दोरा ओठांत ओला केला. गेला नाही. पुन्हा केला. छे! तिचे डोळे भरून आले.

"झालं समाधान? ऊठ आता," खलील म्हणाला.

"अजून एक राहिलाय." ओढणीने डोळे पुसून ती पिवळ्यासमोर सरकली. खिडकीतला उजेड त्या पट्ट्याने परत तिच्याकडे फेकला. सुईचं नेढं लख्ख दिसलं, आणि दोरा सुळकन आरपार!

"सगळी खोली पिवळी करणार," ती म्हणाली.

"पण निसारला तर निळा..."

"आवडायचा. पण मी दुसऱ्याच्या दारात बसलेली त्यांना मुळीच आवडली नसती."

मी माझा निळ्याचा हट्ट सोडला. खलीलने अंगातला कोट काढून तिच्यापुढे धरला. "बटण तुटलंय. लावून दे."

आज मला पोपडे धरलेत, पण माझ्यासमोर सुई रोज चालते. बाबांनो, घर रंगवाल तेव्हा पाहुण्यांना काय आवडेल ते मागून बघा. आधी त्या खोलीत दिवसभर जी बसते, तिला विचारा.