अर्धी फिरवलेली चावी

बसा त्या स्टुलावर. तुमचं कुलूप तेल पिऊन मऊ व्हायला वेळ लागेल, तोवर आमच्या विचारवंताची गोष्ट ऐका.

विचारवंत म्हणजे माझा धाकटा साडू. तोही कुलूपवालाच. आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, पुढे एकाच घरचे जावई झालो. हात त्याचा माझ्याहून हलका, ते मी कुणालाही सांगेन. आत तार सारायची, डोळे मिटायचे, की कुलूप उघडलं. पण तेवढ्यावर त्याचं भागेना. कुठल्याशा शिबिराला जाऊन आला. तिथे कोट घातलेली एक बाई म्हणाली, नुसतं काम करणारे पैशाला पासरी मिळतात. तुम्ही मत मांडा. तुमचं नाव निघालं की लोकांना तुमचं मत आठवलं पाहिजे, आणि धंद्यातल्यांनी तुमच्या मागून चाललं पाहिजे.

झालं. याने दाढी कोरून घेतली आणि फोनसमोर उभा राहून मतं मांडायला लागला. "ड्रिल लावतो तो कुलूपवाला नव्हे," हे एक. "घरात असलात की चावी आतून कुलपात घाला आणि अर्धी फिरवून ठेवा, बाहेरून कुणाच्या बापाला उघडणार नाही," हे दुसरं. लोक ऐकायला लागले हो. कुलपांच्या कंपनीवाले सभेला बोलवायचे, वर 'सर' म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "अरे, कुलूप आतून अडकलंच तर ड्रिल नाही लावायचं, मग काय त्याची समजूत काढायची?"

"भाऊ, मत गुळमुळीत असलं की कुणाच्या लक्षात राहत नाही. ठासून बोलावं लागतं."

त्याची बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "बाथरूमची कडी कधीची लागत नाहीये. तिच्यावरही एक मत मांडा."

त्याचं सगळ्यात मन लावून ऐकणारी कोण, तर आमची सासू. एकटी राहते. तिच्या दाराला साडूनेच भारीतलं कुलूप बसवलेलं. रोज जेवताना फोन भांड्याला टेकवून जावयाला बघायची.

एका दुपारी तिच्या शेजारणीचा फोन आला. आई आत पडल्यात, बोलतायत, पण उठता येत नाहीये. आम्ही दोघं धावलो. जादा चावी साडूच्या खिशात होती, पण ती आत जाईना. आतून चावी लावलेली, आणि अर्धी फिरवलेली. त्यामुळे ती मागे ढकलताही येईना. दार जाड, लाथेला दाद देणारं नव्हतं.

जिन्यात माणसं जमली. "अरे, हे तर ते फोनमधले सर," कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांचे फोन वर आले.

आतून आवाज आला, "जावईबापू, आलात का? कमरेत काही तरी मोडलंय."

"आलो आई. उघडतोच."

"सावकाश करा. मला कुठे जायचंय."

साडू गुडघ्यावर बसला, तारा काढल्या. मी पिशवीतून ड्रिल काढलं.

"ते आत ठेव," तो मान न वळवता म्हणाला.

"अरे, आत चावी अडकलीये."

"दिसतंय मला." मग हळूच म्हणाला, "भाऊ, सगळे शूटिंग करतायत. पुढच्या सभेत मी ड्रिलवरच बोलणार आहे."

"मग मी लावतो. माझं काही मत नाहीये."

"तू माझ्याबरोबर आलायस. एकच झालं ते. थोडा वेळ दे."

तार आत गेली, बाहेर आली, वाकली. दुसरी घेतली. त्याच्या कोरलेल्या दाढीतून घाम गळत होता. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "आई, काही तरी बोलत राहा."

आतून काही नाही.

"आई," साडू म्हणाला. मग जरा मोठ्याने, "आई."

काहीच नाही. त्याने तारा खाली टाकल्या आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी ड्रिल त्या हातात दिलं. कुलपाचा चुरा त्याच्या शर्टावर पडत होता आणि जिन्यातल्या एका माणसाने नीट दिसावं म्हणून फोन जवळ आणला.

दार उघडलं. सासू टेबलापाशी पडली होती, शुद्ध गेलेली. साडूने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, "चावी अर्धी फिरवून ठेवली होती हो. तुम्ही सांगता तशीच. एक दिवस विसरले नाही."

त्याने शर्टाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं.

हाड सांधलं. काठी घेऊन फिरते आता, टोमणेही मारते. जिन्यातला व्हिडिओ मात्र गावभर झाला. कंपनीवाले म्हणाले, सर, याच्यावरच बोला, लोक गर्दी करतील. तो गेला नाही. स्वतःचे सगळे व्हिडिओ काढून टाकले. पण त्याचं ते चावीचं बोलणं दुसऱ्यांनी कधीच उचललं होतं. आता दुसऱ्याच दाढ्या तेच सांगत असतात, त्यांना कोण आवरणार?

हल्ली तो माझ्याच दुकानात बसतो, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर. चाव्या कापतो. मतं नाहीत. गिऱ्हाइकाला जाताना एक गोष्ट तेवढी सांगतो. आज तो सासूकडे बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवायला गेलाय, म्हणून त्याच्या वतीने मीच सांगतो. घरी म्हातारं माणूस एकटं आहे म्हणालात ना मघाशी? मग हे कुलूप नंतर न्या. आधी घरी फोन लावा, आणि दाराच्या आतली चावी काढून खिळ्याला अडकवायला सांगा. इथूनच लावा, माझ्यासमोर.